एका निमिषाचे पंचवीस तुकडे

हैदराबादेत मेट्रोतून उतरताना पाटीवर 'तारनाका' वाचलं की मराठी माणसाला क्षणभर आपल्याच मुलखात आल्यासारखं वाटतं. तार आपली, नाकाही आपला. इथे कधीकाळी तारेच्या कुंपणाची चौकी होती, तिच्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. शेजारच्या वस्तीचं नाव सीताफळमंडी. आणि खाली रस्त्यावर पेरूवाल्याने आणखी दोन पेरू पुढे केल्यावर गिऱ्हाईक मान हलवत 'नक्को' म्हणालं, की उरलासुरला परकेपणाही जातो. इथल्या दखनी उर्दूने हा शब्द मराठीकडूनच घेतला आणि त्यात एका 'क'ची भर घातली.

या नाक्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायला मला आवडतं. एकाच सिग्नलला इथे काय काय येऊन थांबतं! उस्मानिया विद्यापीठाची मुलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले रसायन प्रयोगशाळेतले संशोधक, १९५८ साली कुन्नूरहून इथे आलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कर्मचारी, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी गजरेवाली. कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा कच्चा माल एवढाच: कुणालाही 'जरा हसा' न सांगता समोर जे घडतंय ते.

पण 'घडतंय' म्हणजे किती वेळ? आपल्या भाषेत क्षणाहून बारीक मापासाठी निमिष हा शब्द आहे, म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ. पापणी झटकन लवली तरी साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. रस्त्यावर मी शटर बहुतेक वेळा १/२५० सेकंदावर ठेवते. म्हणजे एका निमिषात माझ्या छायाचित्राएवढे पंचवीस तुकडे सहज मावतात, आणि त्यातला एकच मला मिळतो. त्या तुकड्यात तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस जेमतेम साडेपाच मिलिमीटर पुढे सरकतो. चाळीसच्या वेगाने जाणारी मोटारसायकल साडेचार सेंटिमीटर जाते, म्हणून तिच्या कडा किंचित विरघळतात आणि चालणारा मात्र कोरून काढल्यासारखा उमटतो. त्याच तुकड्यात प्रकाश १,२०० किलोमीटर धावतो. सरळ रेषेत मोजलं तर हैदराबादहून मुंबईला जाऊन परत यायला आला! मला हे दरवेळी नव्याने अद्भुत वाटतं.

आता तुकडा उलट लांबवून पाहा. १८३८ साली छायाचित्रणाचा एक जनक लुई दागेर याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. त्या काळचे छायाचित्रणाचे पत्रे इतके मंद, की प्रकाश काही मिनिटं आत घ्यावा लागे. बग्ग्या, घोडे, पायी जाणारे, कुणीच पत्र्यावर ठसण्याइतकं थांबलं नाही. रस्ता ओस पडलेला दिसतो. उमटला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला पाय टेकवून उभा राहिलेला, आणि त्याच्यापुढे वाकलेली पॉलिशवाल्याची पुसट आकृती. छायाचित्रात आलेला पहिला माणूस तो हाच, असं मानतात. त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही.

तारनाक्यावर भर सकाळी असं पाच मिनिटं शटर उघडं ठेवलं तर काय राहील? बस, रिक्षा, दुचाक्या, सगळं वाहून जाईल. मेट्रोचे खांब राहतील. आणि राहतील एका जागी बसून काम करणारे: चपलेवर वाकलेली चांभाराची पाठ, पेरूची गाडी, डुलकी लागलेला पहारेकरी. १/२५० सेकंदात सगळा नाका सापडतो. पाच मिनिटांत फक्त नाक्यावर जगणारे.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ सालचं पुस्तक जगभर 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखलं जातं. मूळ फ्रेंच नाव वेगळंच आहे, 'इमाज आ ला सोव्हेत'. परवान्याशिवाय रस्त्यावर माल मांडणारा आणि पोलीस दिसला की गाठोडं आवळून पळणारा फेरीवाला जसा विकतो, तशी पळता पळता टिपलेली चित्रं. मला हेच नाव खरं वाटतं. इंग्रजी नावात सगळा मान टिपणाऱ्याला मिळतो. फ्रेंच नावात तो फेरीवाल्याच्या शेजारी फुटपाथवर येऊन उभा राहतो. तिथे उभं राहिल्यावर काही गोष्टी आपोआप ठरतात. कॅमेरा वर गेला आणि समोरून 'नक्को' आलं, की तो खाली घ्यायचा. त्यावर माझ्या मनात कधी वाद झालेला नाही.

नोव्हेंबर २०१७मध्ये इथून मेट्रो सुरू झाली आणि नाक्याला एक नवी सावली मिळाली. ऊन आणि पुलाखालची सावली यांत प्रकाशाचा फरक सहज आठपट असतो. डोळा तो सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळणं जड जातं. म्हणून सावलीच्या काठावर उभं राहायचं. तिथे समोरच्या तापलेल्या रस्त्यावरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यांवर येतो, आणि सिग्नलला ताटकळलेला माणूसही आतून उजळल्यासारखा दिसतो.

ही सावली वर्षभर जागा बदलते. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीला दहा मीटर उंच वस्तूची सावली उत्तरेला साडेआठ मीटरांहून थोडी लांब पडते. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा तीच सावली दक्षिणेकडे वळते आणि जेमतेम एक मीटर उरते. हैदराबाद साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास, सूर्य मध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो. हाच शून्य सावली दिवस. पुण्या-मुंबईला तो मे महिन्यात काही दिवस उशिरा येतो.

एरवी भर दुपारी आम्ही कॅमेरे बंद करतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, चेहरे सपाट होतात. मे महिन्यातल्या त्या शून्य सावलीच्या दिवशी मात्र मी पावणेबारालाच पोचते. ताडगोळेवाला, ज्याच्या मालाला इथे मुंजलु म्हणतात, गोळे सोलत असतो. त्याच्या सुरीची सावली आखडते, सिग्नलच्या खांबाचीही. १२ वाजून १२ मिनिटांनी रस्ता ओलांडणारी सगळी माणसं आपापल्या सावलीवर पाय देऊन चालत असतात. कुणीच खाली बघत नाही. एक शाळकरी मुलगी मधेच थांबते, आधी मागे बघते, मग पुढे, आणि मग चपलेतला एक पाय उचलून त्याच्याखाली.