हौसेच्या विमानाचा हिशेब

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते मोठे प्रवासी विमान. आपण खिडकीशी बसायचे, पट्टा बांधायचा आणि पुढे चालवतो कोण याची चौकशीसुद्धा करायची नाही. पण ज्यात जेमतेम दोन किंवा चार माणसे मावतात, ज्याच्या नाकावर एकच पंखा फिरतो, आणि जे चालवणारा त्याबद्दल एक पैसाही घेत नाही, अशीही विमाने असतात. केवळ आनंदासाठी या गावाहून त्या गावाला उडत जायचे, चहा घ्यायचा, परत यायचे! ऐकायला ही श्रीमंतांची थेरं वाटतात. थोडीफार आहेतही. पण आपल्या देशातले विमानोड्डाण वाढले ते अशाच हौशी मंडळींच्या हातून, आणि त्यांत लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बायकाही होत्या, हे आपल्याला कुणी फारसे सांगितलेले नसते.

जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ ला एका चिमुकल्या ‘पुस मॉथ’ विमानातून ते कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! पुढे मोठी विमान कंपनी झाली ती या उड्डाणातून. मात्र त्या गृहस्थांची हौस काही फिटली नाही. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तसल्याच जुन्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला.

सरला ठकराल यांची गोष्ट तर आपल्या जास्त जवळची. १९३६ साली लाहोरला त्यांनी साडी नेसून ‘जिप्सी मॉथ’ विमान एकटीने उडवले. वय वर्षे एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी. पती स्वतः वैमानिक होते, सासरच्यांचेही पाठबळ होते. पहिला परवाना मिळाल्यावर त्यांनी हजार तास उड्डाण केले. १९३९ मध्ये पती विमान अपघातात गेले. पोटापाण्यासाठी लागणाऱ्या व्यावसायिक परवान्याचे शिक्षण महायुद्धामुळे अर्ध्यावर राहिले. मग बाईंनी चित्रकला शिकून घेतली. फाळणीनंतर दिल्लीला येऊन दागिन्यांची आणि साड्यांची नक्षी करून संसार नव्याने उभा केला. पदर खोचून विमानात चढणारी आणि पुढे साडीवरच नक्षी काढणारी ही एकच बाई, हे मला फार विशेष वाटते.

आणि अलीकडची म्हणाल तर मुंबईची आरोही पंडित. बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकलेली ही मुलगी २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, स्कॉटलंडहून निघून आइसलंड-ग्रीनलंडमार्गे कॅनडाला एकटी गेली. विमान कसले, तर रिकामे असताना चारशे किलोंच्याही आतले, आपल्या मारुती आठशेहून हलके! त्याचे नाव ‘माही’. इतक्या हलक्या विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री. १५ ऑक्टोबर २०२१ ला तिने जे.आर.डीं.चा मार्ग पुन्हा उडून दाखवला. कराची आता परदेशात, म्हणून सुरुवात भुजहून केली. तिथेही अहमदाबादला थांबून जुहूला उतरायचे होते. रस्ता दाखवणारे आधुनिक यंत्र वापरायचे नाही, आपोआप विमान चालवणारी कळ दाबायची नाही, असा तिचा नेम होता. भुजच्या धावपट्टीला तर बायकांचा हात लागलेला आहे. १९७१ च्या युद्धात बॉम्बने उखडलेली ती पट्टी माधापर गावच्या तीनशेच्या आसपास बायकांनी तीन दिवसांत दुरुस्त केली होती.

हे सगळे मी नववीच्या मुलींना तासाला सांगितले, आणि त्याचा परिणाम असा की आठवड्याने एका मुलीची आई शाळेत आली. “बाई, ही विमान शिकायचं म्हणते. नोकरी लागणार असेल तर आम्ही शेतसुद्धा गहाण टाकू. पण नुसत्या हौसेला कोण एवढे पैसे घालतं? तुम्हीच सांगा तिला.”

तिचे म्हणणे खोटे नाही. खाजगी वैमानिकाचा परवाना हा कमाईचा नव्हेच. त्यावर विमान चालवण्याचे पैसे घेता येत नाहीत. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना लागतो, त्याचे तास जास्त, परीक्षा जास्त आणि खर्च तर कित्येक पटींनी जास्त. मुलीच्या मनात नेमके कोणते आहे ते आधी विचारून घ्या, एवढेच मी त्या माउलीला सांगितले. नाहीतर काही शिक्षणसंस्था गोड बोलून दोन्हींची सरमिसळ करतात आणि आईबाप कर्ज काढून बसतात.

खाजगी परवान्याला वय सतरा पूर्ण हवे, दहावी पास हवी, डॉक्टरांची ठरावीक तपासणी हवी. निदान चाळीस तासांचे उड्डाण लागते. परीक्षेत हवाई नियम, हवामान, मार्ग काढण्याचे गणित आणि विमानाची माहिती असते, रेडिओवर बोलण्याची परीक्षा निराळी. चाळीस तासांत पाच तास एकट्याने दुसऱ्या गावी जाण्याचे असतात, आणि त्यातला एक फेरा निदान दीडशे सागरी मैलांचा, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरहून थोडा जास्त, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे उड्डाणाचे शिक्षण आता धुळ्याला चालते. खर्च लाखांत जातो. तिथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्या गावी जायचे म्हणजे करायचे काय? मला वाटे, हातातली दांडी ओढता आली की झाले. तसे मुळीच नाही हो! खरे काम जमिनीवर, टेबलापाशी होते. त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन मी एके दिवशी नकाशा पसरला, आणि सोलापूर ते कोल्हापूर अशी पट्टीने सरळ रेघ मारली. रेघ भरते साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे सुमारे ११० सागरी मैल. दोन माणसांचे शिकाऊ विमान तासाला नव्वद मैल धरले तर पाऊण तास अधिक अर्धा तास, नेमके सांगायचे तर ७३ मिनिटे. आता समोरून पंधरा मैलांचा वारा आला तर? वेग उरला पंचाहत्तर आणि वेळ झाली ८८ मिनिटे. तासाला वीस-बावीस लिटर पेट्रोल पिणाऱ्या विमानाला हा पाव तास फुकटचा नसतो. शिवाय उतरल्यावरही निदान अर्ध्या तासाचे पेट्रोल टाकीत शिल्लक राहिले पाहिजे. महिनाअखेरीला डब्यात दोन दिवसांचे पीठ राखून ठेवणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवायला नको.

मग वाटेतल्या खुणा लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे वेळ मांडायची. सोलापूर सोडले की थोड्या वेळात खाली भीमा. मंगळवेढा उजवीकडे दूर. मग बराच काळ ओळखीचे काही नाही, उघडा माळ. कवठेमहांकाळपाशी पंढरपूर-मिरज रेल्वे उजवीकडून येऊन मिळते. मिरजेला रुळांचा गुंता, त्यापलीकडे कृष्णा. खूण ठरल्या मिनिटाला दिसली नाही तर वारा बदलला किंवा दिशा चुकली. एक अंशाने दिशा चुकली तर साठ मैलांवर विमान एक मैल बाजूला गेलेले असते. पाच अंश चुकले की कोल्हापूरऐवजी भलतेच गाव! मुली अशा रमल्या की डबा खायच्या विसरल्या.

निघण्याआधी विमानाभोवती फिरून हात लावून तपासायचे. पंखाखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरायचे. ते निळसर असते, दुसऱ्या जातीच्या इंधनाशी गल्लत होऊ नये म्हणून रंग दिलेला. दुधातले पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण पेट्रोलमधले पाणी जड म्हणून तळाशी बसते आणि लगेच पकडले जाते. हे खास पेट्रोल वर्षानुवर्षे बाहेरून आणावे लागे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून विकायला सुरुवात केली.

आमच्या सोलापूरचे ऊन तर विमानालाही सोसत नाही. तापलेली हवा विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो आणि इंजिनाचीही ताकद घटते. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी तेच विमान जास्त धावून, रखडत वर चढते. त्यात जमिनीवरून वाफा उठल्यासारखे हवेचे झोत, त्यांचे धक्के वेगळे. शहाणा हौशी वैमानिक उन्हाळ्यात सडासंमार्जनाच्या वेळेलाच आकाशात असतो. उतरतानाही वाट मोकळी लागते, हे आम्हाला चिमणीने शिकवले. होटगी रोडच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची उंच चिमणी वर्षानुवर्षांच्या वादानंतर जून २०२३ मध्ये पाडली गेली. कुणाला आनंद झाला, ऊस घालणाऱ्या कितीतरी घरांना हळहळ. जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले.

आणि धोका? तो आहेच. फक्त तो आपण समजतो तिथे नसतो. इंजिन बंद पडले तरी छोटे विमान दगडासारखे कोसळत नाही, तरंगत खाली येते, आणि मोकळे शेत बघून उतरण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घेतलेला असतो. जास्त माणसे जातात ती ‘आता निघालोच आहोत, तर पोचूच’ या हट्टापायी. १६ जुलै १९९९ ला अमेरिकेत अध्यक्ष केनेडींचे चिरंजीव, पत्नी आणि मेहुणी यांना घेऊन स्वतःच्या विमानातून निघाले. घरात लग्न होते, निघायला उशीर झाला. रात्र पडली, समुद्रावर धुरकट हवा, आकाश कुठे संपते नि पाणी कुठे सुरू होते ते दिसेना. नुसत्या काट्यांवर भरवसा ठेवून उडण्याचा वेगळा परवाना त्यांच्याकडे नव्हता. अशा वेळी कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दगा देते. विमान गिरक्या घेत असले तरी माणसाला सरळच वाटते. तिघेही गेले. चौकशीत दोष निघाला तो याच भुलीचा, विमानाचा नव्हे.

आजकाल पुष्कळ घरांतले भाचे-पुतणे परदेशात असतात, आणि तिथे असला परवाना काढणे आपल्या मानाने सोपे. “मावशी, चल तुला विमानातून फिरवून आणतो,” असे कुणी म्हणाले तर जरूर जा, पण आधी चार गोष्टी विचारा. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उडवलेस? सूर्यास्ताच्या आत परत येणार ना? हवा बिघडली तर मधे कुठे उतरायचे ठरवले आहेस? “बघू” असे उत्तर आले तर खुशाल घरी बसून चहा करा. “आज नको, उद्या पाहू” असे तो स्वतःहून म्हणाला तर रुसू नका. तो भाचा भरवशाचा. आणि त्याने तुमचे वजन विचारले तर लाजून पाच किलो कमी सांगू नका. किती पेट्रोल भरायचे, कुणी पुढे बसायचे, हे सारे तो त्या आकड्यावर ठरवणार असतो. पर्सचेही वजन सांगा, आणि बरोबर शेंगाच्या चटणीचे डबे नेणार असाल तर त्यांचेही.