कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड

कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड किंवा सीआरएस, म्हणजेच सामायिक अहवाल मानक, ही परदेशस्थ रहिवाशांच्या वित्तीय खात्यांची माहिती त्यांच्या रहिवासाच्या देशातील कर प्रशासनाला दरवर्षी आपोआप कळवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धती आहे. जी-२० गटाच्या आग्रहावरून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ती तयार केली. संघटनेच्या परिषदेने १५ जुलै २०१४ रोजी तिला मान्यता दिली आणि २०१७ साली या पद्धतीनुसार माहितीची पहिली देवाणघेवाण झाली. परदेशात पैसा दडवून केली जाणारी करचुकवेगिरी रोखणे हा तिचा उद्देश आहे. शंभराहून अधिक देश व प्रदेश या व्यवस्थेत सहभागी असून भारत त्यांच्या पहिल्या गटात होता.

पार्श्वभूमी

बहुतेक देश आपल्या रहिवाशांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारतात. मात्र कर अधिकाऱ्यांचे चौकशीचे अधिकार देशाच्या सीमेपाशी संपतात. या तफावतीचा लाभ करनंदनवने म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांनी घेतला. स्वित्झर्लंडने १९३४ च्या बँक कायद्याने ग्राहकाची माहिती उघड करणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. पुढे लिश्टेनस्टाइन, पनामा, केमन बेटे, ब्रिटिश व्हर्जिन बेटे अशा ठिकाणीही गोपनीयता आणि अत्यल्प कर यांवर आधारित वित्तीय व्यवसाय वाढला.

देशादेशांतील करविषयक करारांत माहिती मागण्याची तरतूद होती, परंतु ती विनंतीवर आधारलेली होती. विनंती करणाऱ्या देशाला संबंधित करदात्याची ओळख पटवावी लागे आणि मागितलेल्या माहितीचा त्याच्या करआकारणीशी संबंध दाखवावा लागे. केवळ संशयावरून सरसकट माहिती मागण्यास मज्जाव होता. परिणामी ज्या खात्याचा सुगावा लागलेला नाही, त्याविषयी विचारणाच करता येत नसे. शिवाय स्वित्झर्लंड करविषयक फसवणूक आणि साधी करचुकवेगिरी यांत भेद करत असे व दुसऱ्या प्रकारात परदेशांना सहकार्य देत नसे.

ही कोंडी फुटण्यास बँकांमधून बाहेर पडलेली माहिती कारणीभूत ठरली. २००८ मध्ये लिश्टेनस्टाइनमधील एका बँकेच्या ग्राहकांची माहिती जर्मनीच्या हाती लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये यूबीएस या स्विस बँकेने अमेरिकी करदात्यांना करचुकवेगिरीत साहाय्य केल्याच्या प्रकरणात ७८ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. जागतिक आर्थिक संकटामुळे सरकारांना महसुलाची निकड भासत होती. एप्रिल २००९ मधील लंडन परिषदेत जी-२० राष्ट्रांनी बँक गोपनीयतेचे युग संपल्याची घोषणा केली.

निर्मिती

अमेरिकेने मार्च २०१० मध्ये फॅटका हा कायदा संमत केला. अमेरिकी ग्राहकांची माहिती न देणाऱ्या परदेशी वित्तीय संस्थांना अमेरिकेतून मिळणाऱ्या रकमांवर ३० टक्के कपात करण्याची तरतूद त्यात होती. अमेरिकी बाजारपेठेपासून दूर राहणे शक्य नसल्याने जगभरातील बँकांनी ग्राहकांच्या करविषयक रहिवासाची नोंद ठेवणारी यंत्रणा उभारली. हीच कल्पना बहुपक्षीय पातळीवर नेऊन सीआरएसची रचना करण्यात आली. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी बर्लिन येथे ५१ देश व प्रदेशांनी त्यासाठीच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

कार्यपद्धती

बँका, रोखे सांभाळणाऱ्या संस्था, गुंतवणूक निधी आणि काही विमा कंपन्या यांना खातेदार करदृष्ट्या कोणत्या देशाचा रहिवासी आहे, हे निश्चित करावे लागते. नवे खाते उघडताना खातेदाराकडून स्वयंघोषणा घेतली जाते. जुन्या खात्यांबाबत पत्ता, दूरध्वनी क्रमांक इत्यादी नोंदी तपासल्या जातात. खातेदाराचे नाव, पत्ता, करदाता क्रमांक, जन्मतारीख, खाते क्रमांक, वर्षअखेरची शिल्लक, तसेच व्याज, लाभांश व विक्रीतून मिळालेली रक्कम हा तपशील संस्था आपल्या देशाच्या कर प्रशासनाला देते. ते प्रशासन ही माहिती देशनिहाय विभागून पुढील वर्षाच्या सप्टेंबरअखेर संबंधित देशांना पाठवते.

येथे नागरिकत्वाला नव्हे, तर रहिवासाला महत्त्व आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या स्विस खात्याची माहिती भारताकडे येते. दुसऱ्या सहभागी देशात स्थायिक झालेल्या भारतीयाच्या स्विस खात्याची माहिती मात्र त्या देशाकडे जाते. प्रत्यक्ष व्यवसाय नसलेल्या, केवळ गुंतवणूक धारण करणाऱ्या कंपनीच्या नावे खाते असल्यास तिच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या व्यक्तींचा शोध घेणे बंधनकारक आहे.

भारत

परदेशातील काळ्या पैशाचा प्रश्न भारतात दीर्घकाळ राजकीय वादाचा विषय राहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये या प्रकरणी विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. हे पथक २०१४ मध्ये स्थापन झाले. भारताने सीआरएसच्या करारावर ३ जून २०१५ रोजी स्वाक्षरी केली. त्याच वर्षी १ जुलैपासून अघोषित परदेशी उत्पन्न व मालमत्तेसंबंधीचा कायदा लागू झाला. त्यात ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड अशी तरतूद आहे. स्वित्झर्लंडकडून भारताला या व्यवस्थेखालील पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. भारतात बँक खाते उघडताना किंवा म्युच्युअल फंडात गुंतवणूक करताना ग्राहकाकडून भरून घेतले जाणारे फॅटका-सीआरएस घोषणापत्र हा याच नियमांचा भाग आहे.

मिळालेल्या माहितीवर कराराने गोपनीयतेचे बंधन घातले असून तिचा वापर मुख्यतः करविषयक कामापुरता मर्यादित आहे. त्यामुळे खातेदारांची यादी जाहीर करण्याची मागणी वारंवार होऊनही सरकारला ती सरसकट प्रसिद्ध करता येत नाही. परदेशात खाते असणे हा स्वतःहून गुन्हा नाही. ते विवरणपत्रात घोषित केले आहे किंवा नाही, हा तपासाचा मुद्दा असतो.

परिणाम

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये सुमारे ४.७ कोटी खात्यांची माहिती दिली-घेतली गेली; २०२२ मध्ये ही संख्या १२.३ कोटींवर पोहोचली आणि त्या खात्यांतील रक्कम सुमारे १२ लाख कोटी युरो होती. पॅरिसस्थित युरोपीय संघ कर वेधशाळेच्या २०२३ मधील अहवालाने परदेशी केंद्रांतून होणारी करचुकवेगिरी दहा वर्षांत सुमारे एक तृतीयांशावर आल्याचा अंदाज मांडला. त्याच अहवालानुसार या केंद्रांतील एकूण संपत्तीचे जागतिक उत्पादनाशी असलेले प्रमाण मात्र फारसे घटलेले नाही. म्हणजे पैसा तेथेच आहे, परंतु त्यातील पूर्वीपेक्षा बराच मोठा भाग कर प्रशासनांना ज्ञात आहे.

मर्यादा आणि टीका

अमेरिका सीआरएसमध्ये सहभागी नाही. फॅटकाखाली ती इतर देशांकडून सविस्तर माहिती घेते, पण स्वतः मर्यादित माहिती देते, अशी टीका होते. स्थावर मालमत्ता, कलाकृती आणि सोने थेट धारण केल्यास ते या मानकाच्या कक्षेबाहेर राहतात. गुंतवणुकीच्या बदल्यात रहिवास किंवा नागरिकत्व देणाऱ्या योजनांचा वापर करून खरा रहिवास लपवता येतो.

खऱ्या मालकाची ओळख पटवणे हा अधिक कठीण प्रश्न आहे. एप्रिल २०१६ मध्ये उघड झालेल्या पनामा पेपर्समधील १.१५ कोटी दस्तऐवजांतून दोन लाखांहून अधिक कंपन्या व न्यासांची माहिती समोर आली. त्यांपैकी अनेकांत कागदोपत्री संचालक वेगळे आणि प्रत्यक्ष लाभ घेणारे वेगळे होते. बँकेने ग्राहकाची पडताळणी वरवर केल्यास अशा खात्याचा अहवालही चुकीच्या नावाने जातो. तसेच माहिती कर प्रशासनापुरती मर्यादित असल्याने लाचखोरी किंवा सार्वजनिक निधीच्या अपहाराचा तपास करणाऱ्या यंत्रणांना ती आपोआप मिळत नाही. माहिती मिळवण्यासाठी ती देण्याची तांत्रिक क्षमता आणि गोपनीयतेची हमी आवश्यक असल्याने अनेक गरीब देश, महसुलाची सर्वाधिक गरज असूनही, व्यवस्थेबाहेर राहिले आहेत.

कूटचलनातील व्यवहारांसाठी स्वतंत्र अहवाल आराखडा तयार करण्यात आला असून त्याखालील पहिल्या देवाणघेवाणीसाठी २०२७ हे वर्ष ठरवण्यात आले आहे.