परिसर, स्वास्थ्य आणि आपलं बावखल

(वटार येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आयोजकांनी मला विषय दिला तो ‘परिसर आणि मानवी स्वास्थ्य’. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला असा विषय दिला की तो थेट अथेन्सला जाऊन बसतो आणि श्रोते घरी जाईपर्यंत परत येत नाही, ही तुमची भीती मला ठाऊक आहे. म्हणून मी वटारपासूनच सुरुवात करतो.

आज इथे चालत येताना किती जणांनी वाटेतलं बावखल पाहिलं? म्हणजे थांबून नव्हे, नुसतं नजरेला तरी पडलं का? ... चार-पाच हात वर आहेत. आणि वाटेत कुठल्या दुकानावर नवीन पाटी लागली, हे किती जणांनी पाहिलं? बघा, हात वाढले! मी तुम्हाला दोष देत नाही. आपला आजचा सगळा विषय या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत आहे.

हे व्याख्यान वसईबाहेरचेही लोक ऐकतात, त्यांच्यासाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे नाळे, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, आमचं वटार, या गावांत अशी बावखलं पिढ्यान्‌पिढ्या होती. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं. काठावर रहाट असायचा. त्या पाण्यावर केळी, पानवेल, फुलं, भाजी पिकायची. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढायचा आणि तोच केळीच्या बुंध्याशी टाकायचा. आम्ही पोरं केळीच्या खुंटाला धरून त्यातच पोहायला शिकलो.

आता ‘स्वास्थ्य’ या शब्दाकडे या. आपण तो ‘आरोग्य’ या अर्थी वापरतो, पण शब्द फोडून बघा. स्वस्थ म्हणजे जो ‘स्व’मध्ये स्थित आहे, आपल्या जागी आहे तो. गंमत अशी की बऱ्या माणसाचं वर्णन करायला भाषेने जागेचाच शब्द निवडला. आपण म्हणतोही, ‘आज काही चित्त ठिकाणावर नाही.’ ठिकाणावर! म्हणजे मनालासुद्धा ठिकाण लागतं.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. योगाभ्यासाला बसायचं, तर गीता एवढंच सांगते की जागा शुद्ध असावी. ज्ञानदेव तेवढ्यावर थांबत नाहीत. ती जागा कशी असावी, हे ते ओवीमागून ओवी सांगत जातात. तिथे पाणी असावं, सावली असावी, गलबला नसावा. आणि पुढे काय म्हणतात? ज्याच्या मनात तपाचा विचारसुद्धा नाही असा माणूस वाट चुकून तिथे आला, तरी त्याला तिथून उठावंसं वाटू नये. म्हणजे चांगली जागा माणसाला उपदेश करत नाही. ती त्याला नुसतं बसवते, पुढचं काम आपोआप होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे संतांचं झालं, याला पुरावा काय? पुरावा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात औषधांपेक्षा हवा, उजेड, स्वच्छता आणि आवाज यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे. रोग्याला खिडकीतून काय दिसतं, यालाही त्या महत्त्व देतात. पुढे सव्वाशे वर्षांनी, 1984 मध्ये, रॉजर उलरिक या संशोधकाने ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या एका रुग्णालयातले पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्याने निवडले. त्यांच्या 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. बाकी शक्य तितकं सारखं. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नोंदी लहान आहेत, एकाच रुग्णालयातल्या आहेत, हे लक्षात ठेवा. पण दिशा स्पष्ट आहे.

इथे बहुतेक व्याख्यानं संपतात. झाडं लावा, रंग द्या, बाकडी ठेवा, टाळ्या. मला मात्र इथे थांबता येत नाही. कारण नुसतं बघण्याने होणारा फायदा हा निम्माच भाग आहे.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1976 चा एक प्रयोग आहे. ठिकाण एक वृद्धाश्रम. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच ठरवा, आणि हे रोपटं घ्या, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं दिलं, पण सांगितलं की पाणी आमचे कर्मचारी घालतील, तुम्ही काही करायचं नाही. म्हणजे हिरवं पान दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं. काही आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त आनंदी, जास्त हालचाल करणारे, जास्त बोलणारे झाले होते. फरक रोपट्याचा नव्हता, पाणी कोणी घालायचं याचा होता.

इथे ॲरिस्टॉटलला दोन मिनिटं आत घेतो, मग सोडून देतो. तो म्हणतो की सुख ही मनाची एखादी अवस्था नाही, ती कृती आहे, नीट जगण्याची क्रिया आहे. हे मान्य केलं, तर परिसराचा विचार बदलतो. परिसर हा काही भिंतीवर टांगलेला देखावा नाही. आपण रोज हाताने ज्याच्याशी व्यवहार करतो तो परिसर. तो व्यवहार तुटला की परिसर बिघडतो आणि त्याच्या मागोमाग आपणही.

आता परत बावखलाकडे. बावखल स्वच्छ का राहायचं? आपले आजे-पणजे पर्यावरणवादी होते म्हणून? नाही हो. तो शब्दही त्यांच्या कानावर नव्हता. बावखल स्वच्छ राहायचं, कारण रोज सकाळी तिथे जावंच लागायचं. रहाट धरायचा, भाजी धुवायची, म्हशी धुवायच्या. पाण्याला वास आला तर त्याच दिवशी कळायचं, आणि कोणी घाण टाकली तर कोणी टाकली हेही कळायचं. वेगळा पहारेकरी लागायचा नाही. मग पंप आला, मग नळ आला. दोन्ही चांगल्याच गोष्टी, माझ्या आईची कंबर त्यांनीच वाचवली. पण त्या दिवसापासून बावखलाकडे जायचं कारण संपलं. ज्या जागेकडे जायचं कारण उरत नाही, ती दिसेनाशी होते. आणि न दिसणाऱ्या जागेत कचरा टाकायला कोणाला लाज वाटत नाही. आधी नारळाच्या झावळ्या, मग निर्माल्य, मग प्लॅस्टिक, मग डेब्रिज. शेवटी लोकच म्हणतात, ‘डास होतात, बुजवून टाका.’

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाहीये. आमच्या वाडीतलं बावखल अर्धं बुजवलं गेलं, तेव्हा कागदावर माझी सही होती. मी तेव्हा मुंबईत शिकवत होतो, शनिवार-रविवार गावी यायचो. घर वाढवायचं होतं. थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते म्हणाले, ‘तू शिकलेला आहेस, तूच सांग.’ मी म्हटलं, ‘काय उपयोग आहे त्याचा? बुजवू या.’ तत्त्वज्ञानाच्या माणसाने ‘उपयोग’ हा शब्द किती बेफिकीरपणे वापरला बघा! दादा संध्याकाळी त्या काठावर बसायचे. शेजारचे दोघे-तिघे यायचे, पानाचा डबा फिरायचा. काठ गेला, तसं ते बसणंही गेलं. भांडण कोणाशी झालं नाही, पण माणसं यायची थांबली. दादा घरात टीव्हीसमोर बसायला लागले आणि वर्षभरात त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं. केवळ बावखलामुळे असं मी म्हणणार नाही, वय होतंच. पण मी एक जागा बुजवली, तेव्हा नुसतं पाणी बुजवलं नाही, एवढं मला उशिरा कळलं.

पाण्याचंही सांगतो, कारण तेही साधं नाही. समुद्राकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा आहे, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी मिळतं. आता याचा उलटा अर्थ लावा. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. बावखलं पावसाचं पाणी जिरवून हा तोल सांभाळत होती. आपण एकीकडे ती बुजवली आणि दुसरीकडे विहिरींतून टँकर भरले. 1980 च्या दशकाच्या शेवटी याच उपशाविरुद्ध आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध लोक उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालची हरित वसई संरक्षण समिती तुम्हाला आठवत असेल. एक गोष्ट मात्र तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. टँकरचं पाणी ज्या इमारतींत जात होतं, तिथली माणसंही तहानलेलीच होती. ती आपली शत्रू नव्हती.

आणि जुलै 2018. वसई, नालासोपारा, विरार पाण्यात. गाड्या बंद, वीज नाही. आमच्या वाढवलेल्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. दादांची बायको, आमच्या वहिनी, पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘भावजी, पाणी आपल्या जागेवर परत आलंय.’ मला उत्तर सुचलं नाही.

मग सुधारायचं कसं? सुशोभीकरणाने नाही. चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, रंगीत दिवे, कुलूपबंद फाटक, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. ते वृद्धाश्रमातल्या दुसऱ्या मजल्यावरचं रोपटं झालं, पाणी दुसरं कोणीतरी घालणार.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी हे लोक शतकानुशतकं कसं टिकवतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की जी माणसं वापरतात त्यांनीच नियम करावेत, त्यांनीच लक्ष ठेवावं, चुकणाऱ्याला आधी हलकीच समज द्यावी. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने नुसते बंधारे नाही बांधले. दरवर्षी पाऊस किती पडला हे मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, हे गावाने बसून ठरवलं. बंधारा सरकारही बांधून देईल. ते ‘बसून ठरवणं’ कोणी बांधून देत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? पहिलं, मोजा. गावात किती बावखलं होती, किती उरली, हे शाळेच्या मुलांना म्हाताऱ्यांबरोबर फिरवून कागदावर उतरवा. दुसरं, कचरा थांबवा, निर्माल्यासाठी वेगळा खड्डा ठेवा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे जायचं रोजचं कारण परत निर्माण करा. बागेला पाणी तिथूनच घ्या, मुलांना पोहायला शिकवा, मासे सोडा, एक साधा कट्टा करा. वसईत काही तरुण मंडळी बावखलं साफ करायला उतरली आहेत, त्यांचं मला फार कौतुक आहे. पण साफसफाई एका रविवारी होते. उरलेले सहा दिवस तिथे कोण जाणार, यावर ते बावखल जगेल.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न : सर, मी नालासोपाऱ्याला चौथ्या मजल्यावर राहते. आमच्याकडे ना वाडी, ना बावखल. आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, फार बरं विचारलंत. तुमच्या इमारतीत जिना आहे, गच्ची आहे. गच्चीला कुलूप आहे का? ... आहे. किल्ली कोणाकडे? ... सेक्रेटरींकडे. मग तिथून सुरुवात करा. गच्ची संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायची, कोणी झाडायची, कुंड्यांना पाणी कोणी घालायचं, हे चार घरांनी बसून ठरवा. मी तुम्हाला जंगल मिळवून देऊ शकत नाही. पण ज्या जागेवर तुमचा हात फिरतो, ती चार फुटांची असली तरी तुमचा परिसर आहे.

प्रश्न : बोलायला सोपं आहे, सर. बावखलाच्या जागेला आज भाव आहे. मुलांची शिक्षणं, आजारपणं असतात. ज्याची जागा त्याने ती गावासाठी का सोडावी?

उत्तर : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फायदा सगळ्या गावाला आणि झीज एकट्या मालकाला, हा अन्याय आहे. त्या मालकाला करात सवलत, देखभालीला पैसा, असं काहीतरी ग्रामसभेने मागितलं पाहिजे. नुसता उपदेश करून भागणार नाही. पण तुम्ही ‘सोपं आहे’ म्हणालात, म्हणून सांगतो. आमचं उरलेलं अर्धं बावखल आहे ना, पुतण्यांना तेही भरून प्लॉट करायचा आहे. त्यांची गरज खरी आहे, मुलीचं शिक्षण आहे. कागद माझ्या टेबलावर आला आहे, सही माझीच लागते. मी त्यांना एवढंच म्हटलं, की एक उन्हाळा आपण मिळून गाळ काढू, पाऊसभर ते पाणी बघू, वहिनींनाही विचारू, आणि मग सगळे बसून ठरवू. ते काय ठरवतील, मला सांगता येत नाही. मागच्या वेळी मी पाच मिनिटांत सही केली होती. या वेळी निदान काठावर बसून विचार करणार आहे. तुम्हीही जाताना त्या वाटेनेच जा.