अक्षरी रुपयांचे फंक्शन एक्सेलमध्येच असावे काय?

विजापूर वेशीतला दुकानदार असो की चादर-टॉवेलचा कारखानदार, 'अक्षरी रुपये' लिहिल्याशिवाय बिल पुरे होत नाही. चेकवर तर ही नुसती रीत नव्हे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ नुसार आकडा आणि अक्षर यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कमच धरली जाते.

टॅलीत हे काम आपोआप होते. एक्सेलमध्ये मात्र रुपयांसाठी तयार फंक्शन नाही. फंक्शन म्हणजे एका शब्दात सांगितलेले ठरीव काम. 'सम' म्हटले की बेरीज होते. थायलंडच्या बाट या चलनासाठी असे अक्षरी फंक्शन एक्सेलमध्ये आहे. मग रुपयाने काय घोडे मारले?

तयार फंक्शन नसल्याने जो तो मॅक्रो लिहून घेतो. मायक्रोसॉफ्टने दिलेला नमुना डॉलर आणि मिलियनचा. लाख-कोटीसाठी तो बदलताना चुका होतात. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून आपोआप अडवले जातात.

दुसरी बाजूही खरी आहे. एकदा दिलेले फंक्शन काढून घेता येत नाही, कारण जुन्या फायली त्यावर उभ्या असतात. नवे फंक्शन जुन्या आवृत्तीत चालत नाही. २०१९ चे एक्सलुकअप एक्सेल २०१६ मध्ये चालत नाही. अक्षरे मराठीत, उर्दूत की इंग्रजीत, हाही प्रश्न आहेच. उद्या कोणी जकातीचे फंक्शन मागेल. पण चाळिसावा भाग साध्या भागाकाराने निघतो, आणि कोणता माल व कोणते येणे धरायचे हे फंक्शन ठरवू शकत नाही.

आमच्या मते कसोटी तीन गोष्टींची असावी: काम पुष्कळांना रोज लागते काय, नियम पक्का आहे काय, आणि चूक महाग पडते काय? अक्षरी रुपये तिन्हींत उतरतात.

मधला मार्गही आहे. जेकार्ड मागात नक्षी बांधलेली नसते; पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. तसेच २०२० मध्ये जाहीर झालेल्या 'लॅम्डा'ने एक्सेलच्या नव्या आवृत्तीत मॅक्रोविना स्वतःचे फंक्शन बनवता येते.

ते कोणाकडूनही बनवून घ्या, पण वापरण्यापूर्वी १,००,०००, १०,०५,००० आणि ९९,९९९.५० या रकमा घालून पाहा. आणि सही करण्यापूर्वी अक्षरे स्वतः वाचा.