एका फाईलवर दोन हात

कापडाच्या पेढीवर पूर्वी एक दंडक होता. रोजमेळ एकाच मुन्शीच्या हाती असे. दुसऱ्याला नोंद करायची असेल तर त्याने चिठ्ठी लिहून द्यावी, वहीला हात लावू नये. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. पण तो दंडक आम्ही विसरलो आणि त्याची किंमत रोखीने मोजली. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा अनुभव मांडत आहोत.

भिवंडीत आमचे ग्रे कापडाचे काम आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हा एका संगणकाचे तीन झाले. तिन्ही एकमेकांना जोडले आणि गादीजवळच्या संगणकावर सगळ्यांसाठी एक सामाईक फोल्डर ठेवला. बिले हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, पण भावपत्रक, कोटेशन आणि दलालांची पत्रे वर्डमध्येच लिहिली जातात.

एके दिवशी सुताचे भाव चढले. आम्ही भाच्याला सांगितले, "भावपत्रकात ३८ चे ४१ कर." तो म्हणाला, "मामू, फाईल लॉक दाखवते." मुन्शीजींनी ती सकाळीच उघडून ठेवली होती. भाच्याने 'रीड-ओन्ली' प्रत उघडली, भाव बदलला आणि दुसऱ्या नावाने आपल्याच संगणकावर ठेवून दिली. संध्याकाळी मुन्शीजींनी सामाईक फोल्डरातले पत्रक छापून पार्टीला पाठवले. त्यात भाव जुनाच होता. सौदा आठ हजार मीटरचा झाला. शब्द गेला तो गेला. माल ३८ नेच दिला. चोवीस हजारांचा फटका बसला. दोष संगणकाचा नव्हता. त्याने तर वेळेवर इशारा दिला होता, आम्हीच त्याला बगल दिली.

म्हणून पहिली गोष्ट ही की 'फाईल इन यूज' हा संदेश म्हणजे बिघाड नव्हे. दुसऱ्या कोणीतरी ती फाईल उघडली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा त्या माणसाचे नावही तिथे दिसते. त्याला हाक मारा, फाईल बंद करायला सांगा, मगच लिहा. नावे ओळखू यावीत म्हणून प्रत्येक संगणकावरच्या वर्डमध्ये त्या त्या माणसाचे नाव भरून ठेवावे. तिन्हीवर 'ऑफिस' लिहिले तर कोणाला हाक मारणार?

कधी कधी मात्र कोणीच फाईल उघडलेली नसते, तरी कुलूप दिसते. याचे कारण असे की फाईल उघडताच वर्ड त्याच फोल्डरात एक छोटी, लपलेली फाईल तयार करतो. तिच्या नावाची सुरुवात ~$ अशा खुणांनी होते. काम संपले की ती आपोआप पुसली जाते. पण मध्येच वीज गेली किंवा वर्ड बंद पडला तर ती तशीच मागे राहू शकते. अशा वेळी सर्व संगणकांवरचा वर्ड बंद करावा, फोल्डरात 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगावे आणि फक्त ती खुणेची फाईल काढावी. मूळ फाईलला हात लावू नये. शेजारच्या संगणकावर फोल्डराचा 'प्रिव्ह्यू' उघडा असेल तर त्यानेही फाईल अडकते, हे ध्यानात ठेवावे.

दोन प्रती तयार झाल्याच, तर डोळ्यांनी ताडून पाहू नका. वर्डच्या 'रिव्ह्यू' भागात 'कंपेअर' आहे. दोन्ही प्रती दाखवल्या की कुठे काय बदलले ते तो खुणा करून सांगतो. हे आम्हाला आधी माहीत असते तर ३८ आणि ४१ समोरासमोर दिसले असते.

तिसरी तक्रार अक्षरांची. एका संगणकावर नीट दिसणारे मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ते पत्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेले असते आणि तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसतो. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. उर्दू पत्रालाही हेच लागू. नस्तालीक फॉन्ट एकाच संगणकावर असेल तर दुसरीकडे अक्षरांचा चेहरा बदलतो आणि ओळी सरकतात. प्रिंटर बदलला तरी पान हलू शकते. म्हणून पार्टीला वर्डची फाईल न देता पीडीएफ करून द्यावी.

चौथी गोष्ट विजेची. सामाईक फोल्डर ज्या संगणकावर आहे तो झोपला की बाकीच्यांचे काम अडते. त्याचा 'स्लीप' बंद ठेवावा, त्याला यूपीएस लावावा, आणि वायफायपेक्षा तारेची जोडणी बरी. लिहिताना वर्ड बंद पडला तर वाचलेली प्रत सामाईक फोल्डरात शोधत बसू नका. ती ज्या संगणकावर टंकन चालू होते, त्याच्याच पोटात असते. तिथेच वर्ड पुन्हा उघडावा. फाईल उघडतच नसेल तर 'ओपन' खिडकीतल्या बाणाखाली 'ओपन अँड रिपेअर' आहे, ते करून पाहावे.

आणि सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. तीन संगणकांवर दिसत असली तरी फाईल एकच आहे, गेली की तिघांचीही जाते. आम्ही दर जुम्याला दुकान बंद करण्यापूर्वी सगळे फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क काढून घरी नेतो.

दोघांना खरोखरच एकाच वेळी एका कागदावर लिहायचे असेल, तर वनड्राइव्ह किंवा गुगल डॉक्ससारखी सोय वापरावी. तिथे ते जमते. दुकानातल्या साध्या सामाईक फोल्डरात जमत नाही. तिथे जुना दंडकच चालतो.

आम्ही आता तो दंडक परत आणला आहे. भावपत्रक मुन्शीजींकडे, कोटेशन भाच्याकडे. बाकीच्यांना ती फाईल फक्त वाचता येते, बदल हवा असेल तर चिठ्ठी द्यावी. पत्रकाच्या डोक्यावर तारीख असते, आणि तारीख पाहिल्याशिवाय कोणताही कागद दुकानाबाहेर जात नाही. यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. आपल्या दुकानात दोन संगणक जोडलेले असतील, तर आजच बसून एवढेच ठरवा की कोणती फाईल कोणाच्या हाती.