बिरुद आणि राज्य : कोल्हापूरचे शिलाहार व फ्रान्सचे ल्युझिन्याँ घराणे

मध्ययुगीन राजघराण्यांच्या बिरुदांवरून त्यांचा राज्यविस्तार ठरविण्याची प्रवृत्ती प्रादेशिक इतिहासलेखनात वारंवार आढळते. ही पद्धत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात कोल्हापूरचे शिलाहार आणि त्यांना अंशतः समकालीन असलेले फ्रान्सचे ल्युझिन्याँ घराणे यांच्या आधारे केला आहे.

दहाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे इ.स. 1212 पर्यंत करवीर परिसरावर शिलाहारांची सत्ता होती. उत्तर कोकणातील शाखेप्रमाणे या शाखेचे राजेही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथे कोल्हापूर शाखेचा अंमल नव्हता. बिरुदात उरली होती ती मूळ स्थानाची स्मृती. त्यांच्या लेखांतील ‘महामंडलेश्वर’ ही पदवी मात्र निराळी. ती कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकत्व, म्हणजे प्रत्यक्ष राजकीय दर्जा सांगते. महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे बिरुद तर थेट कोल्हापूरच्या मातीतले आहे. गंडरादित्याने आपल्या तलावाकाठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांचीही मंदिरे उभारली, हे त्याच्या ताम्रपटावरून कळते. त्याच्या राज्याविषयी हा तपशील तगरच्या बिरुदापेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

पन्हाळ्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो दुसरा भोज राज्य करीत असताना, इ.स. 1186 मध्ये, पश्चिम फ्रान्सच्या प्वातू प्रांतातील सरदार गी द ल्युझिन्याँ हा पत्नी सिबिला हिच्या वारसाहक्कामुळे जेरुसलेमचा राजा झाला. क्रुसेडर्सनी स्थापन केलेले हे राज्य होते. पुढील वर्षी हत्तीनच्या लढाईत सलाउद्दीनने त्याचा पराभव केला व जेरुसलेम हातचे गेले. इ.स. 1192 मध्ये गीने सायप्रस मिळविले आणि तेथे या घराण्याने सुमारे तीन शतके राज्य केले. इ.स. 1291 मध्ये आक्रा पडल्यावर जेरुसलेमच्या राज्याचा मुख्य भूमीवरील आधार संपला. तरीही चौदाव्या शतकात सायप्रसच्या राजाला निकोसियात सायप्रसचा आणि फामागुस्तात जेरुसलेमचा, असे दोन राज्याभिषेक होत.

दोन्ही घराण्यांच्या मूळकथांत नाग यावा, हा योगायोग मनोरंजक आहे : तेथे सर्परूप घेणारी मेल्युझीन, येथे नागासाठी गरुडापुढे देह ठेवणारा जीमूतवाहन. परंतु साम्य ताणू नये. ल्युझिन्याँचा दावा वारसाहक्काचा होता, त्यामागे कायदा व विधी होते. शिलाहारांचे तगर हे केवळ कुलप्रतिष्ठेचे चिन्ह होते. ते परत मिळवावे, असा प्रयत्न दिसत नाही. म्हणून अभ्यासकाने प्रथम पदवी, बिरुद आणि दावा यांची फारकत करावी व दानलेखांतील गावांची नावे नकाशावर मांडावीत.

यादव सिंघणाने पन्हाळा जिंकून भोजाची सत्ता संपविली. खिद्रापूरच्या कोपेश्वराला दान देणारा लेख लवकरच सिंघणाच्या नावे कोरला गेला आणि करवीरच्या लेखांतून तगर नाहीसे झाले. जेरुसलेमचे नाव मात्र, ल्युझिन्याँ वारस शार्लोट हिने इ.स. 1485 मध्ये आपले हक्क साव्हॉय घराण्याला दिल्यामुळे, इटलीची राजेशाही इ.स. 1946 मध्ये संपेपर्यंत तेथील राजांच्या किताबांत राहिले.