मोठ्या टायरने डिझेल वाचते का?

आठवडी बाजार करणाऱ्या कापड व्यापाऱ्यांमध्ये एक सल्ला नेहमी ऐकू येतो : "गाडीला एक नंबर मोठे टायर टाका, इंजिन कमी फिरेल, डिझेल वाचेल." सल्ला देणारा खोटे बोलत नाही, पण अर्धीच गोष्ट सांगतो. टायरचा संच काही स्वस्तात येत नाही, म्हणून आम्ही हा सगळा हिशेब कागदावर मांडून पाहिला.

या सल्ल्यामागचे कारण खरे आहे. मालाची व्हॅन ओझे ओढण्यासाठी बनते. इंजिन लहान, म्हणून गिअरचे प्रमाण असे ठेवतात की चढावर गाडी दम टाकणार नाही. मग सपाट हायवेवर टॉप गिअरमध्येही इंजिन ओरडत राहते. युरोपात जुन्या व्हॅनमध्ये बिछाना आणि चूल बसवून फिरणारे शौकीन लोक आहेत, त्यांचीही हीच तक्रार असते आणि तेही टायर बदलून पाहतात. (आपल्याकडे बजाज टेम्पोने बनवलेली मॅटाडोर मूळ हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या घराण्यातली. तिकडे लोक तिच्यात हौसेने झोपतात, आपण बाजाराच्या आदल्या रात्री कापडाच्या गाठींवर झोपतो, एवढाच फरक.)

आता आकडे पाहू. टायरवर १८५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ८० इतकी टायरच्या बाजूची उंची, आणि १४ म्हणजे रिम किती इंचांची. यावरून चाकाची पूर्ण उंची सुमारे ६५२ मिलिमीटर येते. त्याच रिमवर १९५/८० आर १४ चढवला तर उंची ६६८ होते, म्हणजे वाढ जेमतेम अडीच टक्के. रिमसुद्धा बदलून १९५/८० आर १५ घातला तर उंची ६९३, वाढ सव्वासहा टक्क्यांच्या थोडी वर.

समजा, ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते. पहिल्या बदलाने ते सुमारे २९३० होतील, दुसऱ्याने सुमारे २८२०. आता टायर न बदलता वेग ८० वरून ७५ वर आणा. फेरे होतात सुमारे २८१०! म्हणजे नवे टायर आणि नव्या रिमा घेऊन जे मिळते, ते पाय थोडा सैल ठेवल्याने फुकट मिळते. शंभर किलोमीटरमागे उशीर होतो पाच मिनिटांचा. शिवाय वेग उतरला की वाऱ्याचा अडथळा त्याहून जास्त उतरतो. टपावर गाठी बांधलेल्या असतील तर डिझेल मुख्यतः तो वाराच खातो. हा फायदा मोठ्या टायरने मिळत नाही.

याहून गमतीची गोष्ट मीटरची आहे. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. वर सांगितलेले मोठे चाक घातले की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने धावत असते. ड्रायव्हरला कोणी सांगितले नाही तर तो सवयीने काटा ८० वरच ठेवणार. म्हणजे इंजिनाचे फेरे तेवढेच राहिले आणि वाऱ्याचा मार वाढला. मालकाची वही तर आणखी चुकते. गाडी खरी १०६ किलोमीटर गेली तरी मीटर १०० दाखवतो. खरे ॲव्हरेज लिटरला १२ असेल तर वहीत ते सव्वाअकराच दिसेल, आणि मालक बिचाऱ्या ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा शक घेईल. मीटरच्या आकड्याला १.०६ ने गुणल्याशिवाय तोंड उघडू नये. भाड्याची गाडी किलोमीटरच्या दराने देणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता घाट. मालेगावहून माल भरून भिवंडीकडे निघालेल्या गाडीला कसारा घाट उतरावा लागतो, परतताना चढावा लागतो. चाक जितके टक्के मोठे, तितकी खेच कमी. चढावर ड्रायव्हर एक गिअर आधी खाली येतो आणि सपाटीवर वाचलेले फेरे तिथे सव्याज परत जातात, क्लचची झीज वेगळी. उतारावरची गोष्ट जास्त गंभीर आहे. इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची ताकद त्याच प्रमाणात घटते, आणि तेवढ्याच गतीला थांबवायला ब्रेक जास्त दाबावा लागतो. मागे टनभर कापड असताना हा सौदा आम्हाला पटत नाही.

सपाट मुलखात हलका माल नेणारा असेल आणि टायर तसेही बदलायचे झाले असतील, तर त्याच रिमवर एक पायरी वर जायला हरकत नाही. मात्र कंपनीने त्या गाडीसाठी तो आकार मान्य केलेला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्यापासून दूर जाणारे फेरफार चालत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी असेच मुद्दे शोधते. टायरवरचा भाराचा नंबरही पाहून घ्या. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो, ९१ म्हणजे फक्त ६१५. दिसायला मोठा पण मोटारकारचा टायर मालाच्या गाडीला घालू नये. चाक पूर्ण वळवून मडगार्डला घासते का, हे माल भरलेला असताना तपासावे; रिकाम्या गाडीवर दुकानदार दाखवतो ते कामाचे नाही.

ज्यांना हे टायर घ्यायचेच नाहीत, त्यांनी आधी हवा पाहावी. टायर थंड असताना सकाळी, कंपनीच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी लिहिलेल्या आकड्याइतकी. पुढचा आणि मागचा आकडा बहुधा वेगळा असतो, आणि पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच भरतो.